तुमचा चेंडू मी बघतो



आज सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. गोल्फचा पूर्ण डाव 18 होलांचा असतो. होल म्हणजे हिरवळीत खणलेला सव्वाचार इंच रुंदीचा खळगा. दूरवरून काठीने चेंडू मारत मारत त्या खळग्यात घातला, की एक होल झाला. हौशी माणसाला असे 18 होल पूर्ण करायला साधारण 90 ते 100 फटके लागतात. एका फटक्याला दोन सेकंद धरले, तर प्रत्यक्ष खेळणं होतं तीन-साडेतीन मिनिटांचं. डाव मात्र चार तास चालतो.

मग उरलेल्या वेळात ही मंडळी करतात काय?

चालतात! चेंडू जिथे पडला तिथवर जायचं, पुन्हा मारायचा, पुन्हा चालायचं. एका डावात सहा-सात किलोमीटर सहज होतात. एका गटात दोन ते चार जण असतात आणि चालताना ते बोलतात. कधी खेळाबद्दल, कधी गुडघ्याबद्दल, कधी मुलांबद्दल. कधी दहा मिनिटं कुणीच काही बोलत नाही आणि त्याचंही कुणाला ओझं वाटत नाही.

समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की ज्याला शब्द सुचत नाहीत, तोच माणूस शेजारून चालताना मनातलं सांगून जातो. वारीला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आळंदीला अनोळखी असलेली दोन माणसं पंढरपूर येईपर्यंत एकमेकांच्या घरची सुखदुःखं जाणून असतात. सोबत चालण्यात ती ताकद आहेच. गोल्फमध्ये जुळलेल्या मैत्र्या तीस-चाळीस वर्षं टिकतात, त्याचं एक कारण हे आहे. पण हे एकच कारण नाही. आज त्याबद्दलच बोलू या. गोल्फची काठी कधी हातात घेतली नसेल तरी काही बिघडत नाही. शेवटपर्यंत सोबत चला म्हणजे झालं!

सिरुसेरीतले दोन आजोबा

तुम्ही म्हणाल, सिरुसेरीत राहून गोल्फ कुठून आठवला? प्रश्न रास्त आहे. आमच्या या भागाची ओळख म्हणजे सिपकॉटचं आयटी पार्क, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरची गर्दी, मेट्रोचं काम आणि उंचच उंच इमारती. चेन्नईत गोल्फ म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या दोन जागांची नावं घेतली गेली: गिंडीला रेसकोर्सच्या घोड्यांच्या धावपट्टीच्या आतलं मैदान आणि नंदनमचं मैदान. दोन्ही आमच्यापासून बरीच लांब.

पण या उंच इमारतींमध्ये मराठी घरं आहेत. मुलगा-सून नाहीतर मुलगी-जावई आयटीत, आणि त्यांच्याकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आईवडील. गावी चौकातून जाताना ज्यांना दहा जण हाक मारायचे, त्यांना इथे लिफ्टमध्ये कुणी ओळखत नाही. तमिळ येत नाही, रस्ता ओलांडायची भीती वाटते, नातवंडं संध्याकाळी सहापर्यंत शाळा आणि क्लासमध्ये. दिवस फार मोठा होतो.

आमच्या संकुलात साताऱ्याचे असेच एक काका आहेत. लष्करातून निवृत्त झालेले. आपल्याकडे मध्यमवर्गीय माणसाची गोल्फशी ओळख बहुतेक वेळा अशीच झाली: लष्कराच्या छावणीत, चहाच्या मळ्यांवर, नाहीतर जमशेदपूरसारख्या कारखान्याच्या गावात. काकांनीही गोल्फ छावणीतच शिकला. एकदा लिफ्टमध्ये त्यांच्या डोक्यावरची जुनी गोल्फची टोपी पाहून दहाव्या मजल्यावरच्या तमिळ गृहस्थांनी विचारलं, “सार, कुठे खेळायचात?” ते निलगिरीत चहाच्या कंपनीत हिशेब बघायचे आणि उटीला, वेलिंग्टनला खेळलेले होते.

त्या दिवसापासून दोघांची संध्याकाळ ठरून गेली. भाषा? अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी आणि उरलेली हातवाऱ्यांची. दोघंही एकमेकांना ‘सार’ म्हणतात. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही, तेव्हा मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात सतरंजी अंथरतात, टोकाला फिल्टर कॉफीचा स्टीलचा पेला आडवा ठेवतात आणि त्यात चेंडू घालायची स्पर्धा लावतात. पेल्यात चेंडू गेला की टण्ण असा आवाज येतो आणि आजूबाजूच्या घरांतली मुलं धावत येतात.

महिन्यातून एखादा रविवार कुणाच्या तरी ओळखीने खऱ्या मैदानावर जायला मिळतो. या तमिळ आजोबांना, म्हणजे मुलांच्या ‘तात्तां’ना, काचबिंदू आहे. फटका अजून सुरेख बसतो, पण चेंडू कुठे पडला ते त्यांना दिसत नाही. म्हणून काका त्यांच्या मागे उभे राहतात आणि सांगतात, “सार, थोडा उजवीकडे. त्या झाडाच्या अलीकडे.” मग दोघं तिकडे चालू लागतात.

ही काही काकांची खास मेहेरबानी नाही बरं का! सोबत्याच्या चेंडूवर लक्ष ठेवणं ही गोल्फमधली जुनी रीत आहे. 2019 पासूनच्या नियमांनुसार चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. त्यामुळे दुसऱ्याचा चेंडू कुठे गेला ते आपण पाहून ठेवायचं आणि आपला त्याने. विचार करा, असे किती खेळ आहेत, ज्यांत प्रतिस्पर्ध्याचा हरवलेला चेंडू शोधायला आपणही वाकून झुडपात बघतो?

काका साताऱ्याला परततात, तेव्हा तात्तांचा खेळ अडतो. गेल्या खेपेला यावर काकांच्या अकरा वर्षांच्या नातीनेच तोडगा काढला. रविवारी ती तात्तांबरोबर जाते, चेंडूवर नजर ठेवते आणि घरी आल्यावर आजोबांना व्हिडिओ कॉल लावून सगळा डाव सांगते. तिला गोल्फची फारशी आवड नाही. तिला तात्ता आवडतात.

कच्चं लिंबू आणि हँडिकॅप

आता या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. तिला म्हणतात हँडिकॅप.

बुद्धिबळात नवखा माणूस पट्टीच्या खेळाडूसमोर बसला तर दहा मिनिटांत खेळ संपतो. बॅडमिंटनमध्ये सत्तर वर्षांचे आजोबा आणि सतरा वर्षांचा नातू यांचा खरा सामना होऊच शकत नाही. एक तर आजोबा हरतात, नाहीतर नातू मुद्दाम हरतो. आणि मुद्दाम हरलेलं आजोबांना बरोबर कळतं!

गोल्फने यावर तोड काढली आहे. प्रत्येक खेळाडूच्या आधीच्या कामगिरीवरून त्याचा हँडिकॅप ठरतो. सोप्या भाषेत सांगायचं तर, तुम्हाला किती फटके माफ आहेत त्याचा तो आकडा. खेळाडू जितका चांगला, तितका आकडा लहान. 2020 पासून जगभर यासाठी एकच पद्धत सुरू झाली आहे आणि तीत जास्तीत जास्त हँडिकॅप 54 असू शकतो, स्त्री असो वा पुरुष.

उदाहरण घेऊ. आजोबांचा हँडिकॅप 24 आणि नातवाचा 10. आजोबांनी डाव 98 फटक्यांत पूर्ण केला, नातवाने 85 मध्ये. आता माफी वजा करा. आजोबांचे झाले 74, नातवाचे 75. जिंकले कोण? आजोबा! आणि इथे कुणीही कुणावर दया केलेली नाही. आजोबा त्या दिवशी स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा चांगले खेळले, म्हणून जिंकले.

आपल्या लहानपणीच्या खेळांत कच्चं लिंबू असायचं, आठवतंय ना? धाकट्या भावंडाला घरी सोडून येता येत नाही, म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. त्यात माया होती. पण कच्च्या लिंबाला मनातून ठाऊक असायचं की आपण खेळात असून नसल्यासारखे आहोत. गोल्फमध्ये ज्याला 24 फटके माफ आहेत तो कच्चं लिंबू नाही. त्याचा विजय खरा, त्याची हारही खरी.

मैत्रीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. बरोबरीच्या माणसांची मैत्री सोपी असते. पण आयुष्य बरोबरी टिकू देत नाही. एकाचे गुडघे आधी जातात, एकाला पैशाची अडचण येते, एकाचा जोडीदार जातो, एकाचं नाव होतं आणि दुसरा मागे राहतो. अशा वेळी पुष्कळ मैत्र्या भांडण न होताच संपतात. ‘आता त्याला जमत नाही’ म्हणून बोलावणं बंद होतं आणि ‘आता आपण त्यांच्यात बसत नाही’ म्हणून जाणं बंद होतं. गोल्फ म्हणतो, जमत नाही? मग तुझा आकडा वाढवू. पण रविवारी सातला ये.

दुसऱ्याच्या हातात आपली वही

या खेळातली दुसरी गंमत म्हणजे गुणांची नोंद. स्पर्धेत आपले फटके आपण नुसते मनात मोजून चालत नाही. आपल्या कार्डावर सोबतचा खेळाडू आकडे लिहितो आणि त्याच्या कार्डावर आपण लिहितो. शेवटी तपासून दोघांनी सही करायची. प्रत्येक गटामागे पंच फिरत नसतो. झाडीत, कुणी बघत नसताना चेंडू चुकून हलला, तर ते स्वतःहून सांगायचं.

1925 सालच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने हेच केलं. चेंडू किंचित हलल्याचं त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. पुढे तो बरोबरीत अडकला आणि नंतरच्या जादा डावात स्पर्धा हरला.

1968 ची अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा तर आणखी हळहळ वाटावी अशी. अर्जेंटिनाचा रॉबर्टो डी व्हिसेंझो त्या दिवशी अप्रतिम खेळला. त्या दिवशी त्याचा 45 वा वाढदिवसही होता. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले, पण त्याचं कार्ड लिहिणाऱ्या टॉमी आरनने चुकून चार लिहिले. डी व्हिसेंझोने न पाहता सही केली. नियम असा, की सही झाल्यावर लिहिलेला मोठा आकडाच कायम राहतो. त्या एका आकड्याने त्याची बरोबरी हुकली आणि विजेतेपद बॉब गोल्बीकडे गेलं.

आता खरी गोष्ट. डी व्हिसेंझोने आरनला बोल लावला नाही. न बघता सही मी केली, असं म्हणून सगळा दोष स्वतःकडे घेतला. जिंकण्याची संधी गेली होती. निदान समोरच्या माणसाने आयुष्यभर अपराधी वाटून घेऊ नये, एवढं त्याच्या हातात होतं आणि ते त्याने केलं.

आणि 1969 चा राइडर कप? इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेल मैदानावर अमेरिका आणि ब्रिटन यांचा मुकाबला अगदी शेवटच्या जोडीच्या शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत होता. अमेरिकेचा जॅक निक्लस 29 वर्षांचा, ब्रिटनचा टोनी जॅकलिन 25 वर्षांचा. निक्लसने आपला चेंडू खळग्यात घातला. जॅकलिनला सुमारे दोन फुटांचा फटका उरला होता. एरवी अगदी सोपा. पण सारा देश बघत असताना दोन फूटसुद्धा लांब वाटतात. तो चुकला असता तर ब्रिटन हरलं असतं.

निक्लसने वाकून जॅकलिनच्या चेंडूच्या जागी ठेवलेलं नाणं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणजे, हा फटका तू मारलास असं मी मानतो. तू चुकला असतास असं मला वाटत नाही, पण ती पाळी मी तुझ्यावर येऊ देणार नव्हतो, अशा अर्थाचं तो त्याला म्हणाला. सामना 16-16 असा सुटला. राइडर कपच्या इतिहासातली ती पहिली बरोबरी. निक्लसचा स्वतःचा कर्णधार सॅम स्नीड यावर नाराज झाला. पण त्या दोघांची मैत्री टिकली. पुढे दोघांनी मिळून फ्लोरिडात एक गोल्फ मैदान आखलं. ते 2006 मध्ये सुरू झालं आणि त्याचं नाव ठेवलं ‘द कन्सेशन’, म्हणजे सोडून दिलेला फटका.

ज्याच्या खांद्यावर पिशवी असते

गोल्फमधल्या मैत्रीबद्दल बोलायचं आणि कॅडीबद्दल बोलायचं नाही, हे चालणार नाही. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, कुठली काठी घ्यावी, वारा कुठून आहे ते सांगणारा सोबती.

1913 मध्ये अमेरिकन ओपन बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला झाली. हॅरी वॉर्डन आणि टेड रे हे इंग्लंडहून आलेले दिग्गज जिंकणार, असं सगळे धरून चालले होते. त्यांच्यासमोर उभा राहिला 20 वर्षांचा फ्रान्सिस विमेट. त्याचं घर मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे होतं आणि तो स्वतः लहानपणी तिथे कॅडी होता. त्याची पिशवी उचलायला होता दहा वर्षांचा एडी लोअरी, शाळा बुडवून आलेला! निर्णायक डावाआधी, एवढ्या मोठ्या सामन्यात पोराऐवजी जाणता माणूस घे, असं विमेटला सुचवण्यात आलं. त्याने एडीलाच ठेवलं. आणि विमेट जिंकला. ते छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे: उंच, सडपातळ विमेट आणि त्याच्या शेजारी पिशवीएवढाच एडी. पुढे एडी मोठा व्यावसायिक झाला. दोघांची मैत्री चोपन्न वर्षं टिकली. 1967 मध्ये विमेट गेला, तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत एडी होता.

आपल्याकडेही अली शेर आहे. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या या माणसाने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि 1993 मध्ये पुन्हा जिंकली. 1965 मध्ये हौशी खेळाडू बिल्लू सेठी यांनी ती जिंकली होती, पण व्यावसायिक भारतीय खेळाडूंमध्ये अली शेर पहिला. त्यानंतर देशभरच्या मैदानांवर पिशव्या वाहणाऱ्या मुलांना वाटू लागलं, की ही काठी आपल्याही हातात शोभते.

पण खरं बोलायचं तर सगळ्या कॅडींच्या वाट्याला विमेट येत नाही. मैदानाशेजारच्या वस्तीतून येणारा मुलगा वीस-वीस वर्षं एकाच साहेबांची पिशवी उचलतो. त्याला साहेबांचा खेळ, रक्तदाब, मुलीचं लग्न सगळं माहीत असतं. साहेबांना त्याच्याबद्दल काय माहीत असतं? त्याच्या मुलाची शाळा कोणती? त्याची पाठ दुखते का? चार तास चालूनही एकाच बाजूने माहिती जात असेल, तर तिला मैत्री म्हणायला जड जातं. ज्या गोल्फरांनी कॅडीच्या मुलांची फी भरली, त्याला स्वतःच्या काठ्या देऊन खेळायला उभं केलं, त्यांनी या खेळाचा हँडिकॅप मैदानाबाहेरही पाळला असं मी म्हणेन.

आणि घरातल्या घरातली एक गोष्ट सांगायची राहिलीच! 7 ऑगस्ट 2021 चा शनिवार आठवतो? त्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने टोकियोत सुवर्णपदक जिंकलं. पण त्याच दिवशी पहाटेपासून अनेक घरांत, ज्यांना गोल्फचा ‘ग’ही माहीत नव्हता, ते टीव्हीसमोर बसले होते. बेंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. एका फटक्याने तिचं पदक हुकलं आणि ती चौथी आली. तिची पिशवी कोण वाहत होतं? तिची आई! ऊन, दमट हवा आणि चार दिवस लेकीच्या काठ्या खांद्यावर. त्याआधी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हेच काम तिच्या बाबांनी केलं होतं. टोकियोतच पुरुषांच्या गोल्फमध्ये आपल्या पुण्याचा उदयन मानेही भारतासाठी खेळला.

गोल्फ नसेल तर?

आता काही वाचक कपाळाला आठी घालून बसले असतील. हा श्रीमंतांचा खेळ आहे, एवढी जमीन, एवढं पाणी कशाला? हा प्रश्न टाळता येणार नाही. 2019 च्या उन्हाळ्यात याच चेन्नईत तलाव आटले आणि लोक घागरी घेऊन टँकरपुढे उभे होते. अशा शहरात हिरवळीला पिण्याचं पाणी नको, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा, ही मागणी रास्तच आहे. काठ्या महाग, सदस्यत्व महाग, हेही खरं. म्हणून मी तुम्हाला गोल्फ खेळा असं सांगणार नाही.

नाशिककरांना ‘गोल्फ क्लब मैदान’ चांगलं माहीत आहे. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. आज तिथे क्रिकेट चालतं, सभा होतात आणि सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फ गेला, नाव राहिलं. आणि बाजूबाजूने चालत गप्पा मारणारी माणसंही राहिली. तेवढं पुरेसं आहे.

आमच्या व्हरांड्यातल्या त्या दोन आजोबांचंच बघा ना. एकदा चेंडू काठीने उडवताना काकांना विटीदांडू आठवला आणि त्यांनी मोजणी म्हणून दाखवली: वकट, लेंड, मूंड, नाल. तात्ता थबकले. “सार, हे तर आमचे आकडे!” तमिळमध्ये बोलताना दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूणु, चार म्हणजे नालु. तेलुगूत एक म्हणजे ओकटी. आपल्या विटीदांडूत दक्षिणेकडचे आकडे कधीचे येऊन बसले आहेत आणि लहानपणी आपण ते तोंडपाठ म्हणत होतो. तमिळमध्येही हा खेळ आहेच, त्याला किट्टिप्पुळ म्हणतात. तमिळ येत नाही म्हणून खंत करणाऱ्या काकांना त्या दिवशी कळलं, की चारपर्यंत तरी आपल्याला सत्तर वर्षांपासून येतंय!

म्हणजे खेळ कुठलाही चालेल. कॅरम, पत्ते, बागेतली फेरी, नाहीतर व्हरांड्यातला स्टीलचा पेला. गोल्फकडून उसनी घ्यायची ती त्याची रीत.

लहान मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. या रविवारी आजी-आजोबांना विचारा, तुम्ही लहानपणी काय खेळायचात आणि कुणाबरोबर? ते नाव सांगतील. मग विचारा, ते आता कुठे आहेत? फोन नंबर शोधायला मदत करा. ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा चांगलं जमतं.

तरुण मंडळींनो, आईबाबा तुमच्याकडे राहायला येतात तेव्हा त्यांना औषधं, वायफाय आणि टीव्ही सगळं मिळतं. त्यांच्या वयाचा एक माणूस मिळतो का, ते बघा. संकुलाच्या ग्रुपवर एक ओळ टाका: ‘माझे बाबा रोज सातला चालायला जातात, कुणी सोबत येईल का?’ एवढंच. भाषेची काळजी करू नका.

आणि ज्येष्ठांनो, एखादा जुना सोबती हल्ली येईनासा झाला असेल, तर तो रुसलाय असं धरून चालू नका. कदाचित त्याला आता तुमच्या वेगाने चालता येत नसेल, तुमच्याएवढा खर्च झेपत नसेल, नाहीतर नीट ऐकू येत नसेल आणि ते सांगायची लाज वाटत असेल. त्याला दया नको आहे. त्याचा आकडा वाढवा. फेरी लहान करा, चहा घरी घ्या, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूने चाला. आणि फोन करून सांगा, उद्या सातला खाली उभा आहे.

तुमचाही असा एखादा खेळातला सोबती असेल, तर त्याच्याबद्दल आम्हाला जरूर कळवा. निवडक आठवणी पुढच्या वेळी इथे वाचू या. तोवर चालत राहा, आणि शक्यतो एकटे नको!